कापलेले समास

संपत्तीचा विषय निघाला, की पाळकसाहेबांची नजर तिसऱ्या बाकाच्या टोकाला जायची आणि अख्ख्या मंडळीला कळायचं, आता बाइंडरचं उदाहरण येणार. "आपल्यातलाच एक बंधू," ते सांगायचे, "वडील गेल्यावर त्याने घर सोडलं, दागिने सोडले, भांडीकुंडी सोडली. मागितलं फक्त वडिलांचं पवित्र शास्त्र." बायका डोळे पुसायच्या. बाइंडर मान खाली घालून बसायचा. मी चर्चला लग्नाला आणि मयताला जाणारा माणूस, तरी हे उदाहरण मी तीनदा ऐकलंय. त्यावरून काय ते समजा.

बाइंडरचं आणि माझं दुकान शेजारी शेजारी. मधे प्लायवूडची एक फळी. इकडे मी रबरी शिक्के बनवतो, तिकडे तो शाळांच्या ग्रंथालयांची फाटकी पुस्तकं, कचेऱ्यांची रजिस्टरं आणि कॉलेजच्या मुलांचे प्रबंध बांधायचा. त्याच्या सरसाचा वास माझ्या डब्यातल्या जेवणाला लागायचा, आणि माझ्या जळक्या रबराचा त्याच्या. तोंडावर मी त्याला 'तुम्ही' म्हणायचो, मनात 'तो'. सव्वीस वर्षं एकाच फळीला पाठ लावून बसल्यावर एवढं चालतं.

काम देखणं करायचा. पानं शिवताना दोरा असा ओढायचा की पुस्तक उघडलं तरी कुरकुरत नसे. पण बोलायचा मोजकं, आणि लोकही त्याच्याशी मोजकंच बोलायचे. सत्पुरुष म्हणून नाव झालेल्या माणसाची ही एक पंचाईत असते, त्याच्याजवळ बसून कुणी कुणाची निंदा करत नाही, आणि निंदा नाही म्हटल्यावर बोलायला उरतं काय? लग्न दोनदा ठरत आलं होतं, दोनदा बारगळलं. दुकानाच्या मागच्या खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक स्टोव्ह, आणि फळीवर काळ्या कापडाने मढवलेला पुठ्ठ्याचा डबा. त्या डब्यात ते शास्त्र. रविवारी उपासना सुटली की लोक घोळक्याने, मुलाबाळांना हाका मारत घरी जायचे. बाइंडर मुद्दाम लांबच्या रस्त्याने यायचा, म्हणजे कुणाच्या घोळक्याच्या मागे एकटं चालावं लागू नये. हे त्याने मला सांगितलं नाही, मी पाहिलंय. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा.

एकदा मी म्हटलं, "दाखवा तरी ते शास्त्र, ज्याच्यापायी घर सोडलंत." त्याने मला हात धुवायला लावले. मग डबा उघडला, आणि पुस्तक काढून नुसतं फिरवून दाखवलं, बंदच. काळं चामडं, सरळसोट पाठ, तिन्ही कडा आरशासारख्या गुळगुळीत. हात धुतले ते धुतलेच, मला हातात दिलं नाहीच. दिलं असतं तरी मी काय वाचणार होतो म्हणा.

मग एका दुपारी एक म्हातारी बाई माझ्या दुकानात शिरली. बाइंडर जेवायला मागे गेला होता. तिने स्टूल मागितलं, दम खाल्ला आणि म्हणाली, "शेजारचा बाइंडर माझा धाकटा भाऊ. उठवू नका, जेवू द्या त्याला."

बाइंडरला बहीण आहे हे मला ठाऊक होतं. पाळकसाहेबांच्या गोष्टीत घर आणि दागिने घेणारी जी कुणी होती, ती हीच. पण ती जिवंत असेल, तिला गुडघेदुखी असेल, तिच्या पिशवीत औषधांच्या पाकिटांशेजारी दोन केळी असतील, असं काही मनात आलं नव्हतं. गोष्टीतल्या लोभी माणसाला आपण गुडघे देत नाही.

तो आला तेव्हा दोघं पलीकडे गेली. भिंतीला कान असतात म्हणतात, प्लायवूडला तर तोंडही असतं. मी काम थांबवलं आणि ऐकलं. त्याची मला लाज वाटत नाही.

"शास्त्र न्यायला आले नाहीये," बहीण म्हणाली. "ते तुझंच. मला त्यातली एक ओळ वाचायचीय. बाबांच्या हातची."

त्यांचे वडील शाळामास्तर होते. शास्त्र वाचताना समासात पेन्सिलीने लिहायची त्यांना सवय. कुठे अर्थ लिहायचे, कुठे एखादी प्रार्थना, कुठे मुलांचा ताप उतरल्याची तारीख. पानापानावर लिहिलेलं. हे सगळं मला त्या दिवशी फळीतून कळलं.

"मी त्यांच्या मनाविरुद्ध लग्न करून निघाले, त्या सकाळी ते शास्त्र उघडून बसले होते," ती सांगत होती. "मी म्हटलं, बाबा, जाते. त्यांनी वर पाहिलं नाही. पेन्सिल उचलली आणि कडेला काहीतरी लिहिलं. डाव्या पानावर, वरच्या बाजूला. वर्षभरात गेले. माझ्याशी बोललेच नाहीत रे. जे काय बोलले ते त्या कडेला आहे."

"बघू. नंतर काढतो," बाइंडर म्हणाला.

"नंतर कधी? पुढच्या आठवड्यात माझं हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, वयाकडे बघता खात्री नाही देता येत. मुलाने चार दिवसांसाठी सोडलंय. मला एवढंच कळू दे. त्यांनी शाप दिलेला असला तरी चालेल, पण कळू दे."

"उद्या," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाइंडरचं दुकान बंद. सव्वीस वर्षांत कामाच्या दिवशी ते शटर खाली पाहिलं नव्हतं. बहीण चर्चच्या पाहुण्यांच्या खोलीत उतरली होती. ती सकाळी आली, दुपारपर्यंत माझ्या स्टुलावर बसली आणि परत गेली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आली. मला तिचा चेहरा बघवेना. शेवटी मी फळीवर मूठ आपटली. "बाहेर या हो. काल केळी खाऊन दिवस काढला ताईंनी."

पाच मिनिटांनी तो मागच्या दाराने डबा घेऊन आला. माझ्या टेबलावर रबराचे तुकडे पडले होते, त्यांच्यातच त्याने तो ठेवला, शास्त्र काढलं आणि बहिणीपुढे सरकवलं. "तूच बघ, ताई."

तिने चष्मा लावला. पुस्तक उघडलं, पानं चाळली आणि थांबली. मीही वाकून पाहिलं. पानांच्या कडेला पेन्सिलीची अक्षरं होती, पण अर्धीमुर्धी. डाव्या पानांवर प्रत्येक ओळीची सुरुवात नाहीशी झालेली, उजव्या पानांवर शेवट. एखाद्याचं बोलणं दार लावता लावता ऐकू यावं तसं.

"हे काय?"

"मी कापलं," बाइंडर म्हणाला.

मग तो उभ्याउभ्याच बोलत राहिला, इतकं बोलताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं. एकेचाळीस वर्षांपूर्वी वडील गेले, त्याच वर्षी त्याने दुकान टाकलं होतं. नवीन कटिंग मशीन आलं होतं. शास्त्राची पाठ तुटलेली, पानं सुटलेली. म्हटलं, पहिलं चांगलं काम याचंच करू. सगळी पानं उसवली, पुन्हा शिवली, सरस लावला, दिवसभर दाबून ठेवलं. बांधणीनंतर पुस्तकाच्या तीन बाजू मशीनखाली घालून सारख्या करायच्या, ही बाइंडरची रीत. कधी विचार करावा लागत नाही, हात आपोआप करतात.

"कडा काळ्या पडल्या होत्या," तो म्हणाला. "बाबांच्या बोटांनी. मला वाटलं, स्वच्छ करावं. पातं खाली आलं आणि कातरण जमिनीवर पडलं. बघतो तर त्याच्यावर अक्षरं."

"तिन्ही बाजू?"

"पहिली कापली तेव्हाच दिसलं. पण मग एक बाजू कापलेली आणि दोन तशाच, कसं दिसलं असतं?" हे तो खरोखर म्हणाला. आणि खाली बसला.

"आणि ते कातरण?"

"शेगडीत घातलं. कुणी बघू नये म्हणून."

बहीण पुढची पानं उलटायला गेली, तर पानं कडेला एकमेकांना धरून बसलेली. ताजी कापलेली कोरी वही पहिल्यांदा उघडताना पानं अशी चिकटतात, मग वापरून वापरून सुटतात. शिक्के बनवत असलो तरी एवढं मलाही कळतं. तिने नखाने दोन पानं सुटी केली. बारीक आवाज झाला.

"हे तू वाचत नाहीस?"

"नाही."

"कधीपासून?"

"कापलं त्या दिवसापासून. उघडलं की कापलेलंच दिसतं." तो जमिनीकडे बघत होता. "दुसरी प्रत घ्यावी तर लोक विचारणार, वडिलांची असताना ही कशाला? तोवर सगळे म्हणायला लागले होते ना."

"काय म्हणायला लागले होते?"

"की मी शास्त्र निवडलं."

मला हसू यायला हवं होतं. पाळकसाहेबांच्या उदाहरणाची मी कमी टिंगल केलेली नव्हती. पण आलं नाही. एकेचाळीस वर्षं या माणसाने घर नाही, बाईमाणूस नाही, सणासारखं काही नाही, असं काढलं, आणि ज्याच्यासाठी काढलं तेही बंद डब्यात. तेलही गेलं, तूपही गेलं, असं झालं होतं ते.

"तुला माहितीये, तू वाटणीच्या दिवशी माझं काय केलंस?" बहीण म्हणाली. आवाज चढवला नव्हता तिने. "सगळी माणसं बसलेली, आणि तू उठून म्हणालास, मला फक्त शास्त्र द्या, बाकी सगळं ताईला. मला दिवस गेलेले, यांना नोकरी नाही. मी घर नको कशी म्हणणार? पण मलाही शास्त्रच हवं होतं रे. तू पहिल्यांदा बोललास आणि मी लोभी ठरले. घर माझ्याकडे आलं, बाबा आले नाहीत. मला वाटायचं, निदान तुझ्याकडे तरी आहेत."

बाइंडर रडायला लागला. सत्तरीचा माणूस नाकातून पाणी गाळत रडतो तेव्हा कुठे बघावं हे कळत नाही. मी चहा करायला उठलो.

परत आलो तर बहीण पान समोर धरून बसली होती. "डावं पान. वरच्या बाजूला," ती म्हणाली. "लिहिलेलं गेलं, छापलेलं आहे ना? त्यांनी कुठल्या वचनाजवळ लिहिलं असेल, तेवढं तरी शोधू. माझ्या डोळ्यांना हे बारीक दिसत नाही. तू वाच."

तो वाचायला लागला. आधी शाळेत उभं केलेल्या मुलासारखा अडखळत, मग जरा बरा. डाव्या पानाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीची खूण असेल, की तो तिथला अख्खा भाग वाचायचा आणि बहीण विचार करायची. एके ठिकाणी बापावर उठलेल्या मुलाची गोष्ट निघाली. "हेच असेल," ती म्हणाली. पुढे घर सोडून दूर देशी निघालेल्या माणसाला दिलेला आशीर्वाद निघाला. "हेही असेल." मग एका पानावर नुसते शापच शाप. बाइंडर ते गाळायला बघत होता. "वाच," ती म्हणाली. "बाबा रागीट होते. तेही असू शकतं."

त्या दोन दिवसांत गिऱ्हाइकं आली, शिक्के घेऊन गेली, आणि ही दोघं माझ्या टेबलाच्या कोपऱ्यात बसून वाचत राहिली. पलीकडे आम्हा दोघांनाच बसवत नाही, असं बाइंडर म्हणाला. शेवटच्या दिवशी फार तर चौथा हिस्सा झाला होता. बस पकडायच्या आधी बहिणीने माझा मोबाइल नंबर घेतला, कारण बाइंडरकडे मोबाइल नव्हता. "वाचले तर रोज चारला फोन करीन," ती त्याला म्हणाली. "तू वाच. नाही वाचले तर तूच शोध."

वाचली. ऑपरेशननंतर वीस दिवसांनी माझा फोन वाजला, आवाज अगदी बारीक, "भाऊ, त्याला हाक मारता का?" तेव्हापासून रोज चारला बाइंडर शास्त्र घेऊन माझ्याकडे यायचा, मोबाइल शाईच्या बाटलीला टेकवून उभा करायचा आणि वाचायचा. ती अधूनमधून हुं म्हणायची. कधी दोघांचं लहानपण निघायचं, कधी वादही व्हायचे. पानं आता आवाज न करता उलटायला लागली होती, आणि कडेला पुन्हा बोटांचा मळ दिसायला लागला होता.

मधे एका रविवारी पाळकसाहेबांनी पुन्हा ते उदाहरण काढलं. बाइंडर तिसऱ्या बाकावरून उठला आणि म्हणाला, "साहेब, हे थांबवा. मी ते शास्त्र एकेचाळीस वर्षं उघडलंसुद्धा नव्हतं. वडिलांनी लिहिलेलं माझ्या हाताने कापलं आणि लपवलं." पाळकसाहेबांनी मंडळीकडे वळून हात पसरले. "पाहिलंत?" ते म्हणाले. "याला म्हणतात नम्रता."

सोमवारी तो मला हे सांगत होता तेव्हा संतापाने त्याचे कान लाल झाले होते. "खरं सांगितलं तर आणखीच उंच बसवलं हो मला. बाहेर पडल्यावर हात काय मिळवतात, पोरांना दाखवतात काय. त्यातल्या एकाने, एकाने तरी विचारायचं ना, का कापलंस, मग पुढे काय झालं?"

"शिक्का करून देऊ का?" मी म्हटलं. "हा माणूस साधा आहे, असा. कपाळावर मारून जात जा."

तो हसला. सव्वीस वर्षांत फळीपलीकडून हसू ऐकू आलं नव्हतं. मग म्हणाला, "तुम्हीच एक आहात, ज्याला हे खरं माहीत आहे. आणि ताई."

चौथ्या महिन्यात बहिणीचा आवाज फारच खोल गेला. एक दिवस तो नेहमीप्रमाणे थांबला, "ताई, डावं पान, वर खूण आहे. इथे क्षमेचं आहे. हे असेल का?" मग ती म्हणाली, "बाबांनी काय लिहिलं ते राहू दे आता. मधे थांबू नकोस. पुढचं वाच." फोन ठेवल्यावर तो माझ्याकडे वळला. "सोडून दिलं तिने, की सापडलं?" मी रबर कापत राहिलो.

पाचव्या महिन्यात एका गुरुवारी चार वाजले, सव्वाचार झाले. बाइंडर पान उघडून बसला होता. शेवटी मीच फोन लावला. तिच्या मुलाने उचलला. "मामा आहेत का?" तो म्हणाला. मी फोन बाइंडरच्या हातात दिला. "मामा, आई सकाळी गेली. मी करणारच होतो फोन. उद्या अकराला दफन आहे."

"बरं," बाइंडर म्हणाला. "येतो मी." आणि फोन बंद कसा करायचा ते न कळल्यामुळे तसाच हातात धरून बसला. मी तो घेतला.

चहा म्हटलं, नको म्हणाला. खांद्यावर हात ठेवावा तर आमच्यात तशी पद्धत नव्हती. एक बाई पतपेढीचा शिक्का न्यायला आली, तिला मी खुणेनेच बसायला सांगितलं. बाइंडरने चष्मा पुसला, पुन्हा लावला, आणि कालच्या पुढचा अध्याय मोठ्याने वाचायला सुरुवात केली. मोबाइल टेबलावर पालथा पडला होता. अध्याय लांब होता. कुठे थांबला नाही, कुठली खूण बघितली नाही. ती बाई शिक्का विसरून ऐकत बसली. बाहेर दिवस उतरेपर्यंत त्याने तो शेवटापर्यंत नेला.

मग शास्त्र मिटून मांडीवर घेतलं. "ताईला आता बाबांनाच विचारता येईल," तो म्हणाला. "मला मात्र वाचावंच लागणार."

मी मान हलवली.

"उद्या मी तिकडे आहे," तो म्हणाला. "परवा चारला येऊ का तुमच्याकडे? तुम्ही ऐकलंच पाहिजे असं नाही. तुम्ही आपलं काम करा. नुसतं कुणीतरी बसलेलं असलं म्हणजे झालं."

या, मी म्हटलं.